दुखलं तर हात वर करा

मी मसाजची खुर्ची बोलतेय. हो, तीच. दुकानात दिसली की लोक "बसून तर बघू, बघायला काय पैसे पडतात?" म्हणतात आणि मग उठायचं नाव घेत नाहीत. रंगाने तपकिरी, अंगाने दांडगी. माझ्या पाठीत रबरी गोळे फिरतात आणि हातापायांशी हवेच्या पिशव्या आहेत. त्या फुगल्या की बसणाऱ्याचे हात आणि पोटऱ्या घट्ट धरतात, थोड्या वेळाने सोडतात आणि पुन्हा धरतात.

कारखान्यात माझ्यावर सगळ्यात आधी बसलं ते वाळूचं पोतं. ते बिचारं काही बोललं नाही. दुकानात माणसं बसू लागली तेव्हा कळलं, वय काही असो, हुद्दा काही असो, गोळा मानेशी आला की प्रत्येकाच्या तोंडून "आई गं" निघतंच.

मला घरी आणलं ते दातांच्या डॉक्टरांनी. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून बघत आलेले. एके दिवशी कुणाची तरी अक्कलदाढ काढायला वाकले ते सरळच होईनात, तसेच वाकलेले घरी आले. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, व्यायाम करा. आमच्या डॉक्टरांनी मान डोलावली आणि मला विकत घेतलं. डॉक्टर लोक दुसऱ्या डॉक्टरचं ऐकतात ते असं.

दारातून मी मावेना. दाराची फळी काढावी लागली, सोफा आतल्या खोलीत गेला. डॉक्टरांची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. लेक तिला आई म्हणते, म्हणून मीही आईच म्हणते.

"हा पांढरा हत्ती आता पोसायचा कुणी?" आई म्हणाली.

"अगं, तपकिरी आहे."

"रंग विचारला का मी? माझ्या हॉलचं गोदाम झालं!"

चार दिवस ती माझ्याकडे पाठ फिरवून होती. मग एका दुपारी घरात कुणी नसताना हळूच येऊन बसली आणि तिथेच झोपली. बाजाराच्या पिशव्या उचलून उचलून तिचा उजवा खांदा उतरला होता. त्यानंतर हत्तीचं नाव कधी निघालं नाही.

मी काही जादू करत नाही. दिवसभराच्या गाठी सैल करते, डोक्यातला ताप जरा उतरवते, एवढंच. चालायचं ते माणसाने स्वतःच चालायला हवं. पण एक गोष्ट मला जमते. तोंडावर माणूस हसू आणू शकतो, पाठीला ते येत नाही. त्यामुळे घरातलं बरंचसं मला घरच्यांच्या आधी कळतं.

लेकीचं तसंच कळलं. तीही दातांची डॉक्टर झालेली, नुकतीच. एरवी मऊ असणारी तिची पाठ अचानक फळीसारखी ताठ झाली. दोन दिवसांनी ती आईशी बोलली तेव्हा उलगडा झाला. एक फिरता दवाखाना होता. मोठ्या गाडीत दातांची खुर्ची बसवलेली, शाळाशाळांतून जाऊन मुलांचे दात बघायचे. तिथे तिला बोलावलं होतं आणि रविवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. तिला जायचं होतं, मनापासून. पण इकडे बाबांनी आपल्या दवाखान्याशेजारची खोली तिच्यासाठी तयार करायला घेतली होती.

"मग सांग ना त्यांना," आई म्हणाली.

"कसं सांगू? ते ऐकतात कुठे!"

खरंच होतं ते. माणूस सोन्यासारखा, पण धंद्याने एक खोड लावलेली. दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्या तोंडात कापूस आणि नळी. "सुट्टीत कुठे जाणार?" विचारायचं, समोरून "आँ आँ" आलं की "वा, छान!" म्हणून पुढे जायचं. लेक त्याची हुबेहूब नक्कल करायची. घरात कुणाच्या तोंडात कापूस नव्हता, तरी चालायचं तेच.

"बाबा, मला जरा बोलायचंय."

"खोलीच्या रंगाबद्दल ना? फिकट हिरवा सांगितलाय. रोग्याला शांत वाटतं. झालं तर मग!" आणि डॉक्टर उठून आत.

असं तीनदा झालं. शनिवारी संध्याकाळी डॉक्टर माझ्यात येऊन बसले. आईने रिमोट हातात घेतला आणि सगळ्यात लांबचा मसाज लावला. माझ्या पिशव्या फुगल्या, डॉक्टरांचे हातपाय अडकले. आईने लेकीला दंडाला धरून समोर आणलं.

"आत्ता बोल. आत्ता कुठे जातायत ते?"

"अ-अ-अगं, हे का-का-काय..." डॉक्टर म्हणाले. नेमके तेव्हा माझे गोळे त्यांच्या खांद्यांवर होते, माझा इलाज नव्हता.

लेकीला हसू आलं आणि हसता हसता धीरही आला. दवाखान्यात डॉक्टर प्रत्येकाला सुरुवातीला जे सांगतात, तेच तिने त्यांच्याच सुरात सांगितलं. "घाबरू नका हं. दुखलं तर फक्त डावा हात वर करा."

मग तिने सगळं सांगितलं. गाडी, शाळा, रविवार. "तुमच्या शेजारच्या खोलीत मला नाही बसायचं, बाबा. तुमच्यावर राग नाही माझा. पण तिथे मी आयुष्यभर तुमची मुलगीच राहीन."

डॉक्टरांची पाठ दगड झाली. माझे गोळे अडखळले. मला फार वाईट वाटलं, कारण ती खोली त्यांनी किती हौसेने करायला घेतली होती ते मला ठाऊक होतं. इतक्यात माझ्या पिशव्या सैल पडल्या. डावा हात मोकळा झाला, बोटं हलली. पण हात वर झाला नाही. लेकीचं बोलणं संपेपर्यंत झाला नाही.

मसाज थांबला तरी ते उठले नाहीत.

"हात वर केला असता तर थांबली असतीस?"

"नसते थांबले," लेक म्हणाली. "तुम्ही तरी कुठे थांबता?"

डॉक्टर डोळे पुसत हसायला लागले. "थांबून चालतं का? दाढ अर्धी सोडता येते होय!" मग जरा वेळाने, हळू आवाजात, "त्या गाडीत उभं राहून काम असतं की वाकून?"

प्रश्न विचारला आणि ते चक्क उत्तराची वाट बघत बसले. आई दारात उभी होती, तिने रिमोट खाली ठेवला.

याला आता बराच काळ लोटला. शेजारच्या खोलीत एक तरुण डॉक्टर बसतो, त्याला हिरवा रंग आवडतो म्हणे. माझ्या हाताचं चामडं सोललंय, एक गोळा कुरकुरतो. पण मी मजेत आहे. डॉक्टर सकाळी चालायला जातात आणि आल्यावर माझ्यात बसतात. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिच्यावर वाळत घालायचे कपडे टाकू नका, एवढीच विनंती.

संध्याकाळी लेकीचा फोन येतो. कोणत्या शाळेत होती, कोणतं पोर तिला चावलं, सगळं सांगते. मी चालू असले की डॉक्टरांना नीट ऐकू येत नाही. म्हणून फोन वाजला की ते आधी माझं बटण बंद करतात. मग मी गोळे आवरून साध्या खुर्चीसारखी गप्प बसते. दिवसभरातलं माझं सगळ्यात आवडतं काम तेच.