नांगराचा तिसरा रिमोट

"खाली म्हटलं की वर येतोय! हा नांगर आहे की सरकारी फाईल?"

विश्वनाथराव स्टिअरिंगपाशी बसून ओरडले आणि हातातला रिमोट त्यांनी मांडीवर आपटला. बोटीच्या पुढच्या टोकाला, ज्याला ते देवगडच्या सवयीने नाळ म्हणत, तिथे नवनाथ तोंडात टेस्टर धरून उकिडवा बसला होता. त्याच्या पायाशी विंच होता, म्हणजे नांगराची साखळी गुंडाळणारा बॅटरीवरचा लहानसा रहाट. नांगर हातभर खाली गेला, थांबला, वीतभर वर आला, पुन्हा थांबला आणि लोंबकळत राहिला. दुधनीच्या धरणाच्या पाण्यावर सकाळपासून हाच तमाशा चालला होता.

नलिनीबाई सगळ्यात मागच्या फळीवर मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. ती त्यांची ठरलेली जागा. बोट आली त्या दिवशी "तू मागे बस, तोल राहतो" असं नवऱ्याने सांगितलं, तेव्हापासून त्या मागेच. जन्मभर सिल्वासाच्या मराठी शाळेत पोरांना वळण लावलेली बाई, आणि बोटीवर तिचा उपयोग काय, तर वजन! त्या एकदा तसं म्हणाल्याही होत्या. त्यावर विश्वनाथराव हसलेसुद्धा नाहीत. "बोटीत वजन ही साधी गोष्ट नसते," एवढंच म्हणाले.

"साहेब, एकदा मला द्या बरं," नवनाथ म्हणाला.

त्याने येऊन रिमोट घेतला, नाळेवर परत न जाता विश्वनाथरावांच्या शेजारीच उभा राहिला आणि बटण दाबलं. साखळी खडखड करत पाण्यात गेली. दुसरं बटण दाबलं, साखळी मुकाट वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर. नांगर एखाद्या शहाण्या मुलासारखा वागत होता.

"चालतोय की," नवनाथ म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

विश्वनाथरावांनी रिमोट ओढून घेतला. "तुझ्या हातात चालतो आणि माझ्या हातात नाही. म्हणजे रेंजचा घोळ आहे. अंग मध्ये आलं की सिग्नल तुटतो याचा. भंगार आणलंयस तू."

नवनाथने नलिनीबाईंकडे पाहिलं. नलिनीबाईंनी पाण्याकडे पाहिलं.

हा तिसरा रिमोट. पहिला लहान होता, बटण दाबून धरावं लागे. विश्वनाथराव म्हणाले, बटणं मुंगीएवढी आहेत, याला काय माणसाचा अंगठा लागेल? दुसरा कारखान्यातल्या क्रेनला असतो तसला दांडगा. तो म्हणे पावसाळी हवेत चालत नाही. तिसरा नवनाथने खास शोधून आणला, एकदा दाबला की सुरू, पुन्हा दाबला की बंद, धरून ठेवायची भानगडच नको. नवनाथ मूळचा साक्रीकडचा, सायली गावातल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. आठवड्यातली एकुलती एक सुट्टी तो या नांगरापायी घालवत होता, कारण त्याची मुलगी वैशाली नलिनीबाईंच्या हाताखाली शिकलेली. बाईंचं काम म्हटल्यावर त्याला नाही म्हणवत नव्हतं. आज सकाळी राखोलीच्या पुलावर तो गाडीत बसला तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता. "बाई, रिमोटमध्ये काहीच खोट नाही हो," तो हळूच म्हणाला होता. "मी कंपनीत लावीसन पाहेल आहे. काय करू आता, तुम्हीच सांगा."

काय सांगणार कप्पाळ! खोट कुठे होती ते नलिनीबाईंना दोन वर्षांपासून ठाऊक होतं.

आधी चहाची बशी वाजायला लागली. मग कपबशी गेली आणि "पेल्यात चहा गरम राहतो" असं म्हणत स्टीलचा पेला आला. मग तो पेलाही अर्धाच भरायचा हुकूम झाला. मग बँकेत सही जुळेना. बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात उमर घालवलेला हा माणूस, पट्टी न लावता रेघ मारली तर लोक पट्टी कुठे आहे म्हणून शोधत, आणि त्याची सही जुळेना! काऊंटरवरच्या पोरीला त्यांनी फाडून खाल्लं. "पेनं भिकार ठेवता आणि माणसाला खोटं पाडता?" बिचारी पोर रडवेली झाली. नलिनीबाईंनी तिची माफी मागितली.

डॉक्टरने कंपवात असल्याचं सांगितलं. "डॉक्टरला काय कळतंय!" म्हणून विश्वनाथरावांनी चिठ्ठी खिशात कोंबली. गोळ्या मात्र गुपचूप आणल्या आणि गुपचूपच घेऊ लागले. कपाटातल्या मोज्यांखालचं पाकीट रिकामं होताना, नवीन येताना नलिनीबाईंना दिसत होतं. त्याही काही बोलल्या नाहीत. बोलायचं कसं? ज्या गोष्टीवर माणूस एवढी मेहनत घेऊन पांघरूण घालतो, ते आपण ओढून काढायचं कसं?

आणि मग गेल्या महिन्यातला तो प्रकार. तेव्हा नांगर सोडायला नाळेवर जाऊन पायाने बटण दाबावं लागे. विश्वनाथराव उठले, दोन पावलं गेले आणि गुडघ्यावर आदळले. एक पाय पाण्यात. नलिनीबाई कशा धावल्या त्यांचं त्यांना कळलं नाही, पण हातात शर्ट आला आणि शर्टाची बटणं तटातट तुटली. त्या रात्री त्यांनी पुण्याला अभिजीतला फोन केला. अभिजीत म्हणाला, "आई, पुरे झालं आता. वासोण्याचा तो हॉटेलवाला कधीचा बोट मागतोय, देऊन टाका." बाप म्हणाला, बोट गेली तर मी गेलो असं समजा. शेवटी नलिनीबाईंनीच तोड काढली. बसल्या जागेवरून नांगर सोडता आणि उचलता आला तर बोट राहील, नाहीतर जाईल. रिमोट लावा आणि करून दाखवा. दिवस ठरला तो आजचा. दुपारी अभिजीतचा फोन यायचा होता.

तोड काढताना त्यांना वाटलं होतं, बटण दाबण्याएवढं तरी जमेल. चुकलंच त्यांचं.

"जरा वारा सुटलाय," नवनाथ म्हणाला. "साहेब, लवकर सोडू नांगर, बोट सरकतेय."

बोट खरंच सरकत होती. धरणात बुडालेल्या जुन्या झाडांचे वठलेले शेंडे त्या बाजूला पाण्यातून वर आलेले होते आणि बोट सावकाश तिकडेच निघाली होती. विश्वनाथरावांनी रिमोट दोन्ही हातांत धरला. अंगठा बटणावर टेकला. एकदा दाबायचं होतं, अंगठ्याने चारदा दाबलं. नांगर सुटला, थांबला, सुटला, थांबला. मग अंगठा घसरून शेजारच्या बटणावर गेला आणि नांगर वर येऊ लागला. पुन्हा खाली. पुन्हा वर. विंच कण्हायला लागला, आणि फट्ट!

"फ्यूज गेला," नवनाथ म्हणाला.

बोटीची कड एका वठलेल्या खोडावर खरखरत घासली. नलिनीबाईंच्या मांडीवरचा डबा उडाला, त्यांनी तो कसाबसा धरला. पलीकडून एक शिकारा चालला होता, त्यातली सुरतेकडची मंडळी मोबाईल उंच करून हे सगळं टिपत होती. एकाने हात हलवून विचारलं, "काका, मदद जोइए?" नवनाथने वल्ह्याने खोडाला रेटा देऊन बोट दूर केली. तो घामाने निथळत होता.

"हे असलं काम करतोस कारखान्यात?" विश्वनाथरावांचा आवाज चढला. "लाज वाटायला हवी! तीन-तीन रिमोट आणलेस, एक धड नाही. उद्याच्या उद्या चौथा आण. चांगल्या कंपनीचा. नाहीतर सांग, जमत नाही म्हणून."

नवनाथने वल्हं खाली ठेवलं. "साहेब, चौथा मी नाही आणणार," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण मान वर नव्हती. "तुम्ही दुसरा माणूस बघा."

"पळ काढतोस? तुला साधी वायर..."

"पुरे!" नलिनीबाई कडाडल्या. वर्गात कधी काढला नव्हता असा आवाज निघाला त्यांचा. "त्या गरिबाला कशाला बोलता? रिमोटला काही झालेलं नाही. पहिल्याला नव्हतं, दुसऱ्यालाही नव्हतं. बँकेतलं पेनसुद्धा चांगलं होतं. हात कापतोय तुमचा! हात!"

शिकारा दूर गेला होता. नलिनीबाईंना वाटलं, शब्द परत घेता आले तर बरं होईल. आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, दोन वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं. दोन्ही एकदमच वाटलं, आणि त्याचाच त्यांना संताप आला.

विश्वनाथराव आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर पडल्या पडल्या हलत होता. आयुष्य सिल्वासात गेलं, गुजराती आली, हिंदी आली, कचेरीतली शुद्ध मराठी आली. पण रागात किंवा दुःखात त्यांच्या तोंडी देवगडच येई.

"माझो हात आसा तो," ते म्हणाले. "माका म्हायत नाय काय?"

नवनाथ वळला आणि फ्यूजचा डबा उघडून उगाचच त्यात डोकं घालून बसला. एक फ्यूज बदलायला एवढा वेळ लागत नाही, पण त्याने लावला.

"मग सांगायचं नाही?" नलिनीबाई म्हणाल्या. "मी कोण आहे तुमची?"

"सांगितलं असतं तर बोट त्याच दिवशी विकली असतीस."

ते खरं होतं.

"झालं, फ्यूज बसला," नवनाथ आतूनच पुटपुटला.

विश्वनाथरावांनी रिमोटची गळ्यात घालायची दोरी हातात घेतली. "इकडे ये," ते म्हणाले. नलिनीबाई डबा फळीवर ठेवून, बसत-धरत पुढे आल्या. विश्वनाथरावांनी दोरी त्यांच्या डोक्यावरून घालायला हात उचलले. हात थरथरत होते. दोरी आधी चष्म्यात अडकली, मग अंबाड्यात. नलिनीबाईंना हाताने एक झटका देऊन ती खाली ओढता आली असती. त्यांनी हात खालीच ठेवले. मान मात्र जराशी वाकवली. बऱ्याच वेळाने दोरी गळ्यात आली.

"डावीकडचं बटण खाली, उजवीकडचं वर," विश्वनाथराव शिकवू लागले. "आधी इंजिन मंद कर. वाऱ्याकडे तोंड. बोट थांबली की दाब. एकदाच. साखळी मोकळी सुटू दे. नांगर तळाला लागला की ती सैल पडते, तेव्हा बंद. अगो, माझ्याकडे काय बघतेस? साखळीकडे बघ!"

नलिनीबाईंनी साखळीकडे पाहिलं आणि दाबलं. खडखडाट झाला. साखळी जात राहिली, जात राहिली आणि सैल पडली. त्यांनी पुन्हा दाबलं. बोट हळूच फिरली, साखळीने तिला धरलं आणि ती उभी राहिली.

"बराबर," नवनाथ म्हणाला. मग घाईने, "बाई, पहिल्याच वेळी!"

"पहिल्या वेळी कुठे?" विश्वनाथराव म्हणाले. "चार वर्षं बघतेय ती."

फोन वाजला. अभिजीत. नलिनीबाईंनी तो कानाला लावला.

"चालतोय रिमोट," त्या म्हणाल्या. "हो, बसल्या जागेवरून. ... हॉटेलवाल्याला सांग, बोट विकायची नाही. ... कोणी दाबला म्हणजे? आम्ही दाबला. ठेवते, जेवायचंय."

जेवण कुणाला गोड लागलं नाही. नवनाथने दोन पोळ्या खाल्ल्या. विश्वनाथराव त्याला म्हणाले, "मघाशी जास्त बोललो मी." नवनाथ म्हणाला, "राहू द्या हो साहेब," आणि त्यांना लोणचं वाढलं. नलिनीबाईंचा राग अजून गेलेला नव्हता. कुणावरचा राग, ते विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. नवऱ्यावरचा नव्हता, एवढं खरं.

उन्हं कलली तशी नलिनीबाईंनी नांगर उचलला. तोही एका दमात वर आला. त्या आपल्या जागी परत निघाल्या, तर विश्वनाथराव स्टिअरिंगवरून उठलेले होते. फळ्यांना धरत धरत ते मागे चालले होते. नवनाथ आधार द्यायला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"अहो, तुम्ही कुठे?"

"बस तिथे," ते म्हणाले. "कुणीतरी मागे बसायला हवं. तोल राहतो."

ते मागच्या फळीवर बसले आणि रिकामा डबा त्यांनी मांडीवर घेतला.

नलिनीबाई स्टिअरिंगपाशी बसल्या. इंजिन सुरू झालं. किनाऱ्याकडे तोंड करून त्यांनी बोट अगदी सावकाश सोडली, पहिल्यांदाच हातात आली होती. पाणी आता शांत होतं, सगळं ऐकू येत होतं. मागून बारीक आवाज येत होता, स्टीलच्या डब्यावर झाकण थडथडल्याचा. एकसारखा, न थांबता.

नवनाथने ऐकलं आणि तो समोरच्या डोंगराकडे बघत राहिला.

नलिनीबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी इंजिनचा आवाज जरा वाढवला.