माईक चालूच राहू द्या

मित्रांनो, मला दबक्या आवाजात बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना कर्णा आहे. लग्नात, सभेत छपरावर बांधतात ना, तोच. माझ्या काठाला पोचे आलेत, पाठीवरची ‘सहादेव साउंड सर्व्हिस’ ही लाल अक्षरं आता डोळे बारीक केल्याशिवाय वाचता येत नाहीत. आवाज मात्र अजून खणखणीत आहे, आणि त्याचा मला गर्व आहे.

पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा साच्यावर दाबून मला घडवलं. तिथून सहादेवने मला एसटीत मांडीवर घेऊन सुप्याजवळच्या आपल्या वाडीत आणलं. मग काय विचारता! लग्न असो, भीमजयंती असो, निवडणूक असो की कुणाची शेळी हरवलेली असो, माझ्यावाचून गावाचं पान हलत नसे. ‘सहादेवचा कर्णा पार धरणापर्यंत ऐकू जातो,’ असं लोक म्हणायचे. धरण तिथून बरंच लांब आहे, पण मी कशाला कुणाला खोटं पाडू? सहादेव मला ओल्या फडक्याने पुसायचा, खुंटीला टांगायचा आणि जाता-येता माझ्याकडे कौतुकाने बघायचा.

त्याने जरा घरात वळून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

त्याची बायको जयमाला सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होती. औषधाच्या बाटल्यांची टोपणं तयार करणारा तो कारखाना. वस्तीतून कारखान्यात लागलेली ती पहिली बाई. सीझन संपला की साउंड सर्व्हिस गप्प बसायची, तेव्हा घर तिच्याच पगारावर चालायचं. निळा एप्रन घालून ती कंपनीच्या टेम्पोत चढली की तिची मान जरा वरच असायची.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात ती मान खाली गेली. ती तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. भाकरी थापता थापता एकाएकी लालबुंद व्हायची, घामाने भिजायची, मग काकडायची. झोप उडाली. बारीकसारीक गोष्टीवरून डोळ्यांत पाणी यायचं. एकदा तर माझी चाचणी चालू असताना ती सहादेववर कडाडली, तो कर्णा आधी बंद करा, डोकं फुटतंय. सहादेवला राग आला. खरं सांगू? मलाही आला.

कारखान्यात पॅकिंगला दिवसभर उभं राहायचं. मध्येच आग अंगावर आली की ती टेबल सोडून नळाकडे धावायची. सुपरवायझर कानिफनाथ आमच्याच गावचा. माणूस वाईट नव्हता, पण माल कमी भरला की त्याला वरून बोलणी बसायची. तब्येत सांभाळा, महिनाअखेरीपर्यंत जमलं नाही तर दुसरी बाई घ्यावी लागेल, असं त्याने तिला तोंडावर सांगितलं. घाबरून ती नगरच्या एका खासगी डॉक्टरकडे गेली. त्याने धड न तपासता सांगितलं, गर्भाची पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. गुरुवारची तारीखही दिली. नोकरी टिकवायची तर पिशवी द्यायची, असा हिशेब तिने मनाशी पक्का केला. सहादेवने ‘पोटाचं ऑपरेशन’ एवढंच ऐकलं. बायकांचं काहीतरी असेल, म्हणून त्याने पुढे विचारलंही नाही.

त्याआधीच्या रविवारी आरोग्य उपकेंद्राच्या शुभांगी सिस्टरांनी आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात बायकांची बैठक ठेवली. मला छपरावर बांधलं होतं. सहादेवने जोरात पुकारा केला आणि बायका जमल्या. एरवी आमच्या वस्तीकडे न फिरकणाऱ्या वरच्या आळीच्या आक्काबाई तर समाजमंदिराची पायरी पहिल्यांदाच चढल्या. आता पुरुषांनी बाहेर जावं, असं सिस्टर म्हणाल्या, तसा सहादेव लाजून जो पळाला तो थेट चहाच्या हॉटेलात. आवाजाचं मशीन बंद करायचं राहूनच गेलं. टेबलावर माईक आणि मशीनचा लाल दिवा, दोन्ही चालू होते.

सिस्टरांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, “आज आपण पाळी जाण्याविषयी बोलणार आहोत.”

आणि ते मी अख्ख्या गावाला सांगितलं. दार बंद, माझं तोंड गावाकडे, त्यामुळे आत कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मी करणार तरी काय? माझ्यात जे शिरतं ते बाहेर पडतंच. छपरावरून मला समोरचं हॉटेल दिसत होतं. तिथे बसलेल्या कानिफनाथचा कप ओठाशीच थांबला. सहादेवचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण उठून यायची त्याची छाती होईना, कारण आत सगळ्या बायका!

एवढ्यात माझ्या गळ्यातून एक ओळखीचा आवाज आला. “सिस्टर, मला येड लागलंय का वो? टेबलापाशी हुभी असते आन् छातीतनं आग वर चढती. काळीज धडधडतं. पिशवी काढली की समदं थांबंल, म्हनून गुरुवारी काढून घेनार हाय. नोकरी तरी ऱ्हाईल.”

सिस्टरांनी तिला सावकाश सगळं विचारलं. पाळी येऊन बरेच महिने झाले होते. जास्तीचं रक्त जात नव्हतं, पोटात दुखतही नव्हतं. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, की हा आजार नाही आणि वेड तर मुळीच नाही. पाळी थांबायच्या वयात शरीर बदलतं, तेव्हा अशा आगीच्या लाटा येतात. पिशवी काढून त्या जात नाहीत, उलट कधीकधी वाढतात. त्रास फार असेल तर त्यावर उपचार आहेत, नगरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडमना दाखवायचं. मात्र रक्त फार जात असेल, किंवा पाळी पुरती थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर अंगावर काढायचं नाही, लगेच तपासून घ्यायचं. आक्काबाई म्हणाल्या, मला तर वाटलं हुतं ह्ये माझ्या एकटीलाच झालं. त्यावर बायका हसल्या आणि एक-दोघी रडल्याही.

हसता हसता आक्काबाईंचं लक्ष लाल दिव्याकडे गेलं. “अगं बया, ह्ये मशीन चालू हाय!”

सिस्टरांनी बटणाकडे हात नेला.

“ऱ्हाऊ द्या सिस्टर,” जयमाला म्हणाली. “ह्या कर्ण्यानं इतकी वर्सं गावाच्या शेळ्या हुडकल्या. आज माझं बी सांगू द्या. चालूच ऱ्हाऊ द्या.”

तिने माईक जवळ ओढला. “कानिफभाऊ, ऐकत असाल तर ऐका. मी कामचुकार न्हाई. बसायला स्टूल द्या, पंख्याखाली जागा द्या, माल पयल्याइतकाच भरीन. आन् आमच्या मालकांनी बी ऐकावं. गुरुवारी मी ऑपरेशनला जानार न्हाई. सरकारी दवाखान्यात मॅडमला दाखवनार हाय. तुमी संगं या.”

आता मात्र सहादेव हॉटेलातून धावत निघाला. त्याने समाजमंदिराचं दार ढकललं. वायर उपटायलाच आला, असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. त्याने जयमालाकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी नीट बघितलं असावं. मग खाली वाकला आणि मशीनची कळ फिरवून आवाज वाढवला.

“वरच्या आळीला नीट जात न्हाई,” तो म्हणाला.

त्या क्षणी मी जसा गरजलो, तसा कुठल्याही लग्नात गरजलो नव्हतो!

गुरुवारी दोघं नगरला गेली. सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी पूर्ण तपासणी केली. पिशवी ठणठणीत होती. त्यांनी औषध दिलं, खाण्यापिण्याचं आणि रोज चालण्याचं सांगितलं, पुन्हा दाखवायला बोलावलं. कानिफनाथ दोन दिवस तोंड चुकवत होता. त्याची बायको बायडाबाईही त्या बैठकीत होती, तेव्हा घरी त्याने काय काय ऐकून घेतलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा. पुढच्या सोमवारी पंख्याखाली स्टूल आलं. बाकीच्या बायकांनीही स्टूल मागितलं, आणि माल कमी तर झालाच नाही, थोडा वाढलाच. महिनाअखेर आली आणि गेली. जयमालाचा एप्रन काही उतरला नाही.

पुढे काळ्या खोक्यांचे स्पीकर आले आणि मी लाकडांमागे जाऊन पडलो. धूळ बसली, चिमण्यांनी माझ्यात काड्या भरल्या. फडक्याचा ओला स्पर्श आठवून फार वाईट वाटायचं. पण नव्व्याण्णव साली कारखान्याने आवारात शुभांगी सिस्टरांची बैठक ठेवली आणि ऐन वेळी वीज गेली. खोकी मुकी झाली. सहादेव घरी धावला, मला पुसलं, बॅटरी जोडली आणि कारखान्याच्या गेटवर चढवलं.

मित्रांनो, मला पुसायचं राहिलं तरी चालेल. पण घरातली आई, मावशी, आजी हळू आवाजात काही सांगू लागली, तर हातातलं काम ठेवा आणि ऐका. त्यासाठी कर्णा लागू नये.

त्या दिवशी गेटवरून पुकारा करायला सहादेवने माईक जयमालाच्या हातात दिला. ती आता पॅकिंगची मुकादम झाली होती. तिने घसा खाकरला आणि माझ्या तोंडून सगळ्या वसाहतीला सांगितलं, “समद्या बायांनी जमावं. बाप्यांनी बी यावं. दार उघडं हाय आन् माईक चालूच ऱ्हानार हाय.”