बटण, काज आणि पिवळा टी-शर्ट

लाँड्रीवाल्याने आयुष्यात दोनच गोष्टींना जपून हात लावला होता: रेशीम आणि ही दोन उंदरांची पिल्लं. रेशीम त्याला पहिल्या वर्षातच जमलं होतं.

पिल्लं लेकीची. दवाखान्यात दाखल होण्याच्या आठवडाभर आधी तिने ती आणली आणि एकाचं नाव ठेवलं बटण, दुसरीचं काज. "लोक उंदीर घालवायला माणूस बोलावतात, आणि आमच्याकडे त्यांना दही भरवतात," असं तिची आई म्हणाली तेव्हा पोरगी पोट धरून हसली होती. निघताना तिने बापाला बजावलं, "बाबा, वरून पकडायचं नाही हं. हात आत ठेवायचा आणि गप्प बसायचं. माझा टी-शर्ट पिंजऱ्यात राहू दे, त्या वासाने ती धीट होतील. मी येईन तेव्हा दोघं तुझ्या खांद्यावर पाहिजेत."

ती आलीच नाही. एकोणीस वर्षांची पोर ऑपरेशनच्या टेबलावरच गेली.

त्यानंतर या माणसाला जगात एकच काम उरलं. पिल्लं खांद्यावर आणायची. लेकीने सांगितलेलं तेवढं तरी आपल्या हातून व्हावं, असं त्याने मनाशी घट्ट धरलं होतं. दुपारी दुकान बंद झालं की तो मागच्या खोलीत पिंजऱ्यापाशी बसे आणि सोड्याने भेगाळलेला हात आत ठेवी. पिल्लं जीव मुठीत धरून पिवळ्या टी-शर्टच्या बाहीत शिरत. बाही थरथरताना दिसे. चार वाजले की तो उठे आणि कपडे पोचवायला जाई.

बायको पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नसे. निदान त्याला तरी तसंच वाटे. दिवसभर ती इस्त्रीपाशी उभी असे आणि दोघांत बोलणं व्हायचं ते कपड्यांपुरतं. तिच्या मागच्या भिंतीत एक खण होता. धुऊन, इस्त्री करून तयार, पण कोणी न्यायलाच न आलेले कपडे त्यात पडून असत. कोणाचा कोट, कोणाचा लहानपणीचा फ्रॉक. "येईल कोणीतरी," म्हणत ती त्यातलं काही टाकू द्यायची नाही.

तीन आठवड्यांनी बटणने चमच्यावरचं दही चाटलं. मग हळूहळू भीड चेपली. एका दुपारी काजने पुढचे दोन पाय त्याच्या तळहातावर ठेवले, बोटावरचं दही संपवलं आणि तिथेच बसून तोंड पुसलं. त्याला आभाळ ठेंगणं झालं. तो हुंदके देऊन रडला, पण हात काही हलवला नाही. "अगं, हातावर आली!" तो ओरडला. इस्त्रीकडून नुसतं "बरं" आलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगात उत्साह मावेना. पिल्लांना त्याने खोक्यात ठेवलं आणि पिंजरा लख्ख घासायला घेतला. टी-शर्ट बाहेर काढला तर छातीवर दह्याचा हा एवढा डाग! आता तीस वर्षं लोकांचे डाग काढलेल्या हातांना डोकं लागतं थोडंच? कोमट पाणी, साबण, हलक्या हाताने चोळणं, दोनदा खळबळणं आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या कपड्याला घालतो तसा अत्तराचा थेंब. सगळं बिनबोभाट पार पडलं. वाळलेला टी-शर्ट त्याने आनंदाने आत अंथरला.

पिल्लांनी तो हुंगला आणि दोघंही पार टोकाच्या कोपऱ्यात जाऊन एकमेकांना चिकटली. त्याने दह्याचं बोट पुढे केलं. बटण त्याला कडकडून चावला. बोटातून रक्त आलं, आणि आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं.

चार वाजून गेले तरी तो तिथेच बसून होता. बायको दबकत आत आली. तो दिसताच चपापली, पण मागे फिरली नाही. सवयीनेच तिने पिंजऱ्यातून टी-शर्ट ओढला आणि मानेपाशी नाक खुपसलं.

"हा तुम्ही धुतलात?"

"डाग होता," तो म्हणाला.

"तुम्ही पोचवायला गेलात की मी रोज येत होते."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाँड्रीवाल्याच्या घरात मळका कपडा टिकतो कुठे? पोरगी घरी येणार म्हणून तिची चादर, उशीचा अभ्रा, सगळे कपडे या दोघांनीच धुऊन घड्या करून ठेवले होते. राहिला होता तो एवढाच. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती टी-शर्ट घेऊन बाहेर गेली.

तो मागोमाग गेला. तिने टी-शर्टावर पाणी मारलं, बाह्यांवरून, मग पिल्लांनी कुरतडलेल्या भोकांवरूनही सावकाश इस्त्री फिरवली. घडी घातली. चिठ्ठीवर तारीख लिहिली, नावाची जागा मोकळी ठेवली आणि चिठ्ठी टाचली. मग मागे वळून तिने तो खणात ठेवला, त्या फ्रॉकच्या शेजारी, आणि गिऱ्हाइकाची पुढची पॅन्ट उचलली.