परत येण्याचं कारण

सुनेनं टेबलावरचे कप एका बाजूला सारले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि समोर बसलेल्या सासूकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

"आमच्या देशात कशासाठी यायचंय तुम्हाला?"

"लेकीच्या बाळंतपणाला."

"चूक." सून शाळेत भूगोल शिकवायची. चूक म्हणताना तिचा आवाज आपोआप एक पट्टी वर चढायचा. "बाळंतपण म्हणायचंच नाही, आई. बाळंतपण म्हटलं की काम आलं, आणि पाहुण्यांच्या व्हिसावर काम चालत नाही. मुलीला भेटायला जातेय, एवढंच सांगायचं."

"भेटायला जाऊन मी काय हाताची घडी घालून बसणार आहे?"

"बसू नका. पण सांगू नका."

मुलगा खिडकीशी उभा राहून कागदांचे गठ्ठे टाचत होता. जावयाचं निमंत्रणपत्र, त्याच्या पगाराचा दाखला, आईचा विमा, जाण्या-येण्याच्या तिकिटांचं आरक्षण. त्यानं मान वर न करता म्हटलं, "पुढचा प्रश्न घे. तो महत्त्वाचा आहे."

तो महत्त्वाचाच होता. पलीकडच्या इमारतीतल्या काकांना गेल्या वर्षी नकार आला, तोही एका ओळीत: अर्जदार मुदतीत परत येईल याची खात्री वाटत नाही. एकदा नकार आला की दुसऱ्या वेळी आणखी कठीण जातं, असं सगळेच म्हणत. आणि दुसऱ्या वेळेपुरता वेळ मुलीकडे नव्हता. किती वर्षांनी तिला दिवस गेले होते, डॉक्टरांनी पलंगावरून फारसं उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि नवऱ्याला रात्रपाळी होती.

"परत येण्यासाठी तुमचं इथं काय आहे?" सुनेनं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला ओढून आणेल असं काही. घर, नोकरी, कुणी तुमच्यावर अवलंबून असलेलं."

"घर आहे की."

"घर यांच्या नावावर केलंत ना तुम्ही."

"हो, खरंच." आईनं टेबलावरचा पाण्याचा थेंब बोटानं पुसला. "नोकरी तर संपली. पेन्शन काय, कुठंही बसून मिळतं."

"अगं, आम्ही आहोत ना!" मुलगा म्हणाला.

"आपण आहोत," सून म्हणाली, "पण आपण त्यांच्यावर अवलंबून नाही. ते तेच विचारतात."

तिच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं. बाहेरच्या बोळात, भिंतीला टेकून, पुठ्ठ्यात गुंडाळलेलं एक टेबल उभं होतं. नातवाला अभ्यासाला जागा हवी होती. आजी गेली की ते तेवढ्यापुरतं तिच्या खोलीत लावायचं ठरलं होतं.

शेवटी उत्तर मुलानंच जुळवून दिलं: माझा मुलगा, सून, नातू इथं आहेत, माझं सगळं आयुष्य इथं गेलं, मी परदेशात रमणार नाही. आईनं ते दोनदा म्हणून दाखवलं. सुनेनं दहापैकी सहा गुण दिले.

"पास झाले की," आई म्हणाली आणि कप विसळायला उठली.

तिनं सगळी नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त काढण्यात घालवली होती. तिथं तिला सगळे सुईताई म्हणत. अर्धं शहर केव्हा ना केव्हा तिच्यासमोर बाही वर करून बसलं होतं. बाजारात अनोळखी माणसं तिला नमस्कार करत, आणि तिला चेहरे आठवत नसले तरी कोपरापाशी नजर गेली की ओळख पटे. नवरा गेल्यावर तिनं दोन्ही मुलांना वाढवलं, लग्नं करून दिली, निवृत्त झाली. तिच्याबद्दल काळजी करण्यासारखं काही उरलं नाही, असं सगळ्यांनी मानलं होतं. तिनंही.

अर्जासोबत लावलेला फोटो मात्र परत आला. चष्म्यावर उजेड पडला होता आणि ओठ किंचित हसरे होते. हे दोन्ही नियमात बसत नव्हतं.

ती पुन्हा स्टुडिओत गेली. फोटोवाला काउंटरमागे कुणाच्या तरी फोटोच्या कडा कापत बसला होता. उंच, थोडा वाकलेला, कानात केस असलेला माणूस. त्याचीही बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. साखर तपासायला तो दर तीन महिन्यांनी हॉस्पिटलात यायचा आणि सुई टोचताना छताकडे पाहत एखादा विनोद सांगायचा. विनोद बेताचे असत. ती निवृत्त झाल्यावर त्यानं सकाळच्या फिरण्याची वाट बदलली आणि तिच्या वाटेवर येऊ लागला. मागच्या उन्हाळ्यात, तळ्याकाठच्या बाकावर बुटाची नाडी बांधता बांधता, त्यानं विचारलं होतं, "आपण लग्न केलं तर?" नाडी बांधून झाली तरी त्यानं मान वर केली नव्हती.

"बघू," ती म्हणाली होती.

बघू म्हणजे नाही असंही होतं आणि हो असंही. बऱ्याचदा ते म्हणणाऱ्यालाच ठाऊक नसतं. त्यानंतरही ते रोज फिरत होते. त्यानं पुन्हा विचारलं नव्हतं, आणि तिनंही ताकास तूर लागू दिली नव्हती. ना त्याला, ना घरी.

"चष्मा काढा," तो म्हणाला. "केस मागे. कान दिसले पाहिजेत. आणि हसायचं नाही."

ती हसली.

"अहो, हसायचं नाही."

"तुम्ही समोर उभं राहून हसू नका म्हणता, म्हणून येतं."

त्यानं कॅमेरा तिच्यावर रोखून ठेवला, बटणावर बोट ठेवलं आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं. "आता?"

"आता ठीक आहे."

फोटो निघाला. तो कापत असताना त्यानं विचारलं, "किती दिवस?"

"सहा महिने मागितलेत. लेक म्हणते, मिळतील तेवढे राहा. पुढं वाढवूनही मिळतात म्हणे."

"बरं आहे," तो म्हणाला. "बाळाला आजी हवीच." त्यानं फोटो छोट्या पाकिटात घातले, पाकीट बंद केलं, पुन्हा उघडून आत पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. पैसे घेतले नाहीत. तिनंही आग्रह केला नाही.

मुलाखतीच्या दिवशी दिवाणखान्यापेक्षा थोड्याच मोठ्या अशा वकिलातीच्या दालनात खुर्च्या भरलेल्या होत्या. समोर काचेच्या खिडक्या, प्रत्येक खिडकीला माइक. पलीकडचं बोलणं अर्जदाराला नीट ऐकू यावं म्हणून ते माइक होते, पण त्यामुळे अर्जदाराचं बोलणंही सगळ्या दालनाला ऐकू यायचं. एका तरुणाला पगार विचारला तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वयस्कर अर्जदारासोबत घरच्या एकाला आत येऊ देत. मुलगा पहिल्या रांगेत, मांडीवर फाइल घेऊन बसला.

आईचा नंबर आला. काचेपलीकडे एक अधिकारी बाई होत्या, कापलेले केस, थकलेले डोळे. त्यांच्या शेजारी दुभाषी, त्याही बाईच, स्वेटर विणायला बसल्यासारख्या निवांत.

"कशासाठी जायचंय?" दुभाषीनं विचारलं.

"मुलीला भेटायला."

"मुलगी काय करते?"

"ती औषधांच्या दुकानात आहे. सध्या रजेवर आहे, बाळ व्हायचंय तिला." आईनं मागं वळून पाहिलं नाही. मुलानं फाइलवर बोटं आवळली.

अधिकारी बाईंनी काही टाइप केलं. आणखी दोन-तीन साधे प्रश्न झाले. मग त्यांनी हात कीबोर्डवरून काढून घेतले आणि एक लांब वाक्य बोलल्या. दुभाषीनं ते थोडक्यात सांगितलं.

"घर मुलाच्या नावावर, नोकरी नाही, यजमान नाहीत. मुलगी तिकडे, नातवंड तिकडे होणार. मग तुम्ही परत कशासाठी याल, असं विचारतायत."

पाठ केलेलं उत्तर जिभेवर होतं. आईनं "माझा मुलगा, सून" इथपर्यंत म्हटलं आणि ती थांबली. काचेत तिला स्वतःचा चेहरा पुसट दिसत होता, त्यामागे खुर्च्यांच्या रांगा. अधिकारी बाई वाट पाहत होत्या. त्यांनी घाई केली नाही. कुणी तरी तो प्रश्न आपल्याला खरोखरच विचारावा, उत्तर काय येईल हे माहीत नसताना विचारावा, असं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं.

"परत येऊन मला लग्न करायचंय," आई म्हणाली.

दुभाषीनं तोंड उघडलं आणि मिटलं. "कुणाचं?"

"माझं."

माइकनं ते दालनभर पोचवलं. दुभाषीनं भाषांतर केलं. अधिकारी बाईंनी पहिल्यांदाच आईकडे नीट पाहिलं.

"कागदपत्रांत याचा उल्लेख नाही, असं म्हणतायत."

"कागद भरले तेव्हा ठरलेलं नव्हतं."

"कधी ठरलं?"

"नुकतंच."

"ते गृहस्थ काय करतात?"

"फोटो काढतात. या बाईंसमोर आहे ना माझा, तो त्यांनीच काढलाय."

अधिकारी बाईंनी अर्जावरचा फोटो उजेडात धरला आणि पाहिला. चेहरा जुळवायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ पाहिला. मग काही विचारलं.

"तुमच्या मुलीला हे माहीत आहे का?"

"नाही."

"आणि मुलाला?"

आई खुर्चीत वळली. मुलगा फाइल घेऊन उभा राहिला होता. का उभा राहिलो हे त्यालाही सांगता आलं नसतं. ती पुन्हा काचेकडे वळली.

"आत्ता कळलं असावं."

हे दुभाषीनं भाषांतरित केलं तेव्हा अधिकारी बाईंच्या गालाला एक खळी पडली आणि गेली. त्यांनी आणखी एकच प्रश्न विचारला: किती दिवस राहणार? अर्जात सहा महिने होते.

"तीन," आई म्हणाली. "त्याहून जास्त नकोत."

पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला. पुढच्या आठवड्यात शिक्का मारून मिळेल, असं दुभाषीनं सांगितलं आणि मग माइकवर हात ठेवून, स्वतःच्या मनानं, काही तरी म्हणाली. काचेतून ते ऐकू आलं नाही, पण अभिनंदनासारखं दिसलं.

गाडीत बसल्यावर मुलानं किल्ली फिरवली आणि चुकून वायपर चालू केले. कोरड्या काचेवर ते करकरले. त्यानं बंद केले.

"बाबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, हे मला कळतं," तो म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही. पण तू सांगायचं तरी."

"सांगणारच होते."

"कधी?"

"ठरल्यावर."

"मग आता ठरलं ना?"

"माझं ठरलं."

मुलानं तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे?"

"त्यांना अजून सांगितलेलं नाही."

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "म्हणजे त्या काचेमागच्या बाईंना आधी कळलं."

"त्यांना नाही. आधी त्या दुभाषीला."

तो हसला नाही. पण त्याचे खांदे खाली आले आणि त्यानं गाडी बाहेर काढली. पुढच्या चौकात आईचा फोन वाजला. मुलगी होती. आवाज इतका मोठा की मुलालाही सगळं ऐकू येत होतं.

"मिळाला? आई, मिळाला का?"

"मिळाला."

पलीकडे रडल्यासारखा आवाज झाला, मग हसल्यासारखा. "किती दिवसांचा?"

"तीन महिने."

"तीनच? सहा मागितले होते ना? त्या लोकांचं काही सांगता येत नाही बघ. आपण इथून वाढवायचा अर्ज करू."

"नको," आई म्हणाली. "तीन पुरतील. बाळाला आंघोळ घालायला शिकवते तुला, सगळं मार्गी लावते, मग येते परत. तू आता झोप. पाय उशीवर ठेव."

तिनं फोन पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. घराकडे जायचं वळण आलं, आणि मुलगा सरळ गेला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, विचारलं मात्र नाही. बाजारपेठेच्या मागच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं विचारलं, "ते दुकान औषधवाल्याच्या पुढं ना?"

"दोन दुकानं सोडून."

त्यानं रस्त्याच्या पलीकडे गाडी लावली. स्टुडिओचं दार उघडं होतं. आत काउंटरमागे वाकलेली उंच आकृती दिसत होती, कात्री चालवताना कोपर हलत होतं.

"जा," तो म्हणाला. "मी इथंच थांबतो."

आई उतरली. दार लावलं. रस्ता ओलांडायला निघाली, मध्ये एक स्कूटर गेली तशी थांबली, आणि मागं फिरून गाडीच्या खिडकीशी आली.

"तूही चल."

"मी? मी काय बोलणार?"

"काही बोलू नकोस. नुसता शेजारी उभा राहा."

मुलगा उतरला. गाडी लॉक केली. आरशात वाकून त्यानं केसांवरून हात फिरवला, शर्ट पँटीत नीट खोचला आणि मग, लग्नाच्या मुलीचा बाप कुणाच्या दारात जाताना चालतो तसा, आईच्या अर्धं पाऊल पुढं होऊन रस्ता ओलांडू लागला.