भिंतीवरचं पोट

माझ्या थोरल्या नणंदेची व्यायामशाळा आहे. आत शिरलं की आरशाशेजारी माझं पोट टांगलेलं दिसायचं, चेहऱ्यासकट. खाली पाटी: 'आधी'. 'नंतर'ची जागा रिकामीच.

तो फोटो मुलगी तान्ही असतानाचा. वन्संनी मला बाजूने उभं केलं, सदरा वर करायला लावला आणि म्हणाल्या, "हस जरा. जग बघणारय." मग व्यायामाला येणाऱ्या सगळ्या बाळंतिणींपुढे माझ्याकडून सिट-अप्स काढून घेतल्या. मी उठायला लागले की पोटाच्या मधोमध उंचवटा यायचा. "रडू नकोस, चरबी जळतेय," वन्सं म्हणायच्या. इकडे मला पाळण्यातली मुलगी उचलता येईना. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो कसा, "ताईला कळत नसेल का?" आता दाद मागायची तरी कुणाकडे?

शेवटी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी मला उताणं झोपवलं, डोकं जरासं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर आडवी बोटं ठेवली. बोटं आत गेली. बाळंतपणात फाकलेले स्नायू जवळ आलेच नव्हते. "सिट-अप्स आधी बंद करा," बाई म्हणाल्या, "त्यामुळे फट मिटायची सोडून आणखी ताणली जातेय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग घरी रोज सतरंजीवर पडून श्वास सोडायचा, पोट हळूच आत घ्यायचं, टाच सरकवायची. सासूबाईंना वाटायचं, सूनबाई झोपा काढतेय. लोक श्वासागणिक देवाचं नाव घेतात, मी वन्संचं घेत होते. हळूहळू पोट सांधलं, मुलगी कडेवर आली, आणि मी व्यायामशाळेत गेले.

वर्ग भरलेला होता. मी मधोमध झोपले आणि बायकांना म्हटलं, माझ्यासारखं डोकं उचला आणि बेंबीपाशी बोटं ठेवून बघा. थोड्या वेळाने एकीने घाबरून विचारलं, "माझी बोटं आत जातायत, हे काय?" मी सगळं सांगितलं, दवाखान्याचा पत्ताही दिला. बायका चपला घालून निघून गेल्या.

वन्संनी दार लावलं. मला वाटलं, आता तोंडसुख घेणार. पण त्यांनी सदऱ्याखालचा रुंद पट्टा सोडला आणि सतरंजीवर आडव्या झाल्या. "माझं बघ गं," म्हणाल्या. त्यांचा मुलगा कॉलेजात जातो. मी बोटं ठेवली, ती बुडाली. एवढी वर्षं तेच पोट आवळून बाई आम्हाला चरबीवर भाषणं देत होती.

"भरून येईल ना?" त्यांनी विचारलं. मला दया यायला हवी होती. नाही आली.

"बरंच भरून येईल, मी शिकवीन," मी म्हटलं. "कुशीवर वळून उठा, सरळ उठू नका. हा पहिला धडा."

त्या उठेपर्यंत मी भिंतीवरचा माझा फोटो काढला. पाटी आणि खिळा तसेच ठेवले. मग मोबाईल हातात घेतला.

"बाजूने उभ्या राहा, वन्सं. सदरा वर. आणि हसा जरा, जग बघणारय."