जोंधळ्यावरची पट्टी

"पदराखाली घ्या, सरजाबाई, अन् कुणाला बोलू नका," दत्तराव कुजबुजला.

त्याच्या शेजारी अलोशा, तो रशियन पोरगा, ओठांवर बोट धरून उभा. त्याने नुकतीच तिच्या हातात एक कॅसेट कोंबली होती.

पेडगावजवळच्या बियाण्याच्या फार्मवर रशियाचे पाहुणे ज्वारी बघायला आले होते. दत्तराव मॉस्कोत शिकून आलेला, म्हणून दुभाषा. सरजाबाई सकाळी पाहुण्यांच्या खोल्या झाडायची आणि मग दिवसभर ज्वारी राखायची.

"हाय तरी काय यात?"

"यानं सोता केलेली गाणी. तिकडं पोरांनी काय गावं, केस कितीक वाढवावे, समदं सरकारच ठरवतंय. ह्या गाण्यांना मंजुरी न्हाई. एवढीच एक कॅसेट हाय. यांचा मोठा साहेब खोल्या उचकायलाय. घावली तर पोराचं कॉलेज गेलं, जेलबी व्हईल."

सरजाबाईला हे काही नवं नव्हतं. नामांतराच्या दंगलीत वस्तीवर पोलिसांची जीप आली होती. तिच्या भावाची, पंडितची गाण्याची पार्टी मोडली, ढोलकी ठाण्यात गेली ती गेलीच. तेव्हापासून पंडित लग्नातसुद्धा तोंड उघडत नव्हता.

कॅसेट कमरेला खोचून तिने शेत गाठलं. राखणीच्या माळ्यावर चढते न चढते तोच बांधावरून साहेब येताना दिसला. घड्याळ हरवल्याचं निमित्त, आणि मुकादम तात्याराव शेतातल्या एकेका बाईचं टोपलं, गाठोडं सोडून त्याला दाखवत होता. मागे अलोशा, पांढराफटक. आता आपली पाळी. पळावं तर चोर ठरणार, थांबावं तर पोरगा मेला.

ज्वारीवर जुन्या कॅसेटींच्या पट्ट्या आधीपासून ताणलेल्या होत्या. वाऱ्याने त्या घुमतात, पाखरं बिचकतात. सरजाबाई खाली उतरली, दगडाने कॅसेट फोडली, टरफलं ढेकळांत दाबली आणि पट्टी ओढत ज्वारीच्या या ताटावरून त्या ताटावर बांधत सुटली. "माफ कर रे लेकरा," ती पुटपुटत होती.

तात्यारावने तिची भाकरी सोडून दाखवली. साहेबाने वर बोट करून काहीतरी विचारलं.

"हे काय, म्हणायलेत," दत्तराव म्हणाला.

"पाखरं भेतात जी." सरजाबाईने हातातली गाठ आवळली.

साहेबाने पट्टीला बोट लावून पाहिलं, हसला आणि पुढे गेला.

अलोशा मागे राहिला. नवीकोरी, चकचकीत पट्टी त्याने ओळखली. तेवढ्यात वारा सुटला आणि सगळं शेत घुमायला लागलं. साहेबाची हाक येईपर्यंत तो मान खाली घालून ऐकत राहिला. जाताना त्याने सरजाबाईला हात जोडले. तिच्याच्याने मान वर करवेना.

सुगी झाली. तात्याराव पट्ट्या गोळा करून जाळायला निघाला.

"एवढी एक ऱ्हाऊ द्या, भाऊ," अलोशाची पट्टी धरून सरजाबाई म्हणाली. ज्वारीच्या धांड्याच्या तुकड्यावर गुंडाळून तिने ती घरी आणली.

पंडितने पट्टी बोटावर घेऊन पाहिली. "आता ही वाजंल व्हय, आक्का?"

"न्हाई वाजत," सरजाबाई म्हणाली, आणि ढोलकीच्या रिकाम्या खुंटीला तिने ती अडकवली.