खालचा उजवा कोपरा

सुचित्रा परबचं कॉम्प्युटरशी वैर नव्हतं. उलव्यात तिचं बॅनर-पत्रिकांचं छोटंसं दुकान होतं, आणि त्या एका डबड्यावर ती वर्षानुवर्षं लोकांची बारशी करत होती, त्यांना बोहल्यावर चढवत होती आणि वेळ आली की हार घालून निरोपही देत होती. वैर होतं ते लेकीनं, ईश्वरीनं, त्या डबड्यात घालून ठेवलेल्या नव्या सिस्टिमशी.

जुन्या सिस्टिमचे अपडेट बंद झाले होते. "आई, एखादा व्हायरस आला ना, तर सगळं धुऊन जाईल," असं म्हणत ईश्वरीनं एका रविवारी जुनी काढून ही नवी बसवली. मशीन पळायला लागलं, ते सुचित्राही कबूल करायची. पण स्क्रीनकडे बघितलं की तिचं डोकं उठायचं.

कारण सुचित्राच्या स्क्रीनला शिस्त होती. वरती डावीकडे वाढदिवसांचं केशरी फोल्डर. त्याच्या शेजारी लग्नं, पिवळी. मधोमध गणपती, त्याच्या अंगावर एकही आयकॉन नाही. आणि श्रद्धांजलीचं फोल्डर काळं, एकटं, पार खालच्या उजव्या कोपऱ्यात. नकाशात खाली दक्षिण असते आणि दक्षिण कुणाची ते सांगायला नको. एका शहाण्या गिऱ्हाइकानं तिला ऐकवलं होतं, की वहिनी, हा कोपरा आग्नेय झाला. "मग अग्नीचाच ना? बरोबरच आहे," असं म्हणून तिनं त्याच्या हातात बिल ठेवलं होतं.

नव्या सिस्टिममध्ये सगळी फोल्डरं एकाच राखाडी रंगाची. डाव्या कडेला एकाखाली एक, बाराखडीच्या क्रमानं, रेशनच्या रांगेत उभी केल्यासारखी. त्यात वाढदिवस संपला की लगेच श्रद्धांजली. सुचित्रानं ती ओढत खाली नेली तर टुणकन उडी मारून पुन्हा वाढदिवसाला चिकटली.

"अगं, हे काय? जिथे ठेवलं तिथे राहत का नाही?"

"आई, याच्यात असंच असतं. ते आपलं आपण लावून घेतं."

"आणि रंग?"

"रंग नाही बदलता येत. सवय होईल तुला."

"सवय! माझ्या घरातली भांडी उद्या कुणी ए-बी-सी-डीनं लावली तर मी सवय करून घेऊ का? पुढच्या रविवारी माझं जुनं मला परत दे, बस्स."

गेले कित्येक दिवस रोज सकाळी हेच चाललं होतं.

सुचित्राची आणखी एक खोड होती आणि खरं दुखणं तेच होतं. तयार झालेल्या बॅनरला ती कधी नाव देत नसे. प्रत्येक फोल्डरमध्ये एकच फाइल, 'फायनल'. काम गेलं की जुनी पुसायची, नव्याला तेच नाव. "नाव कशाला? कोपरा सांगतो की कुणाचं ते," असं ती म्हणायची, आणि कोपरा होता तोवर ते चाललंही.

त्या शनिवारी दुकानात नुसती झुंबड होती. त्यात उलव्यामागच्या जुन्या गावातून दोन कामं आली. पहिलं काम सगुणाबाईंचं. त्यांचे यजमान धर्मराज शेठ म्हणजे सुचित्राच्या गाळ्याचे मालक. रविवारी शेठची एकसष्टी. शेठना असल्या गोष्टींचा कंटाळा, पण सगुणाबाईंना घराच्या फाटकावर, शेठच्या हातात केक असलेला, पंधरा बाय दहा फुटांचा बॅनर हवाच होता. दुसरं काम गोजराचं. तिची सासू राजाबाई वारली होती, रविवारी दहावं. तिला तीन बाय दोनचा, सगळ्यात लहान. "जास्ती नाय परवडाचा, बाय," ती म्हणाली होती. फोटो मात्र सुरेख होता. राजाबाई मिठागराच्या बांधावर उभी, डोक्यावर टोपली, आणि खळखळून हसत होती.

सुचित्रानं दोन्ही बॅनर मन लावून केले. मग चार गिऱ्हाइकांशी एकदम बोलता बोलता तुर्भ्याच्या प्रेसला पाठवून दिले. रांगेतल्या एका राखाडी फोल्डरातली 'फायनल' टाकली, खाली लिहिलं, पंधरा बाय दहा, शेठच्या फाटकावर. दुसरी टाकली, तीन बाय दोन, गोजराकडे. प्रेसवाले फक्त फूट बघतात. चेहरे बघायला त्यांना वेळ कुठे?

रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेतली आणि फोन वाजला. प्रेसचा मेसेज होता, 'मॅडम, दोन्ही माल पोचला. आजींचा बॅनर एवढा मोठा, पण प्रिंट एकदम भारी आलीय.'

सुचित्रानं बशी खाली ठेवली. आजींचा मोठा? म्हणजे शेठच्या फाटकावर, एकसष्टीच्या दिवशी, 'भावपूर्ण श्रद्धांजली'? आणि दहाव्याच्या घरी शेठ केक घेऊन?

"ईश्वरी, मेले गं मी!" असं म्हणत तिनं पायात मिळेल ती चप्पल घातली आणि रिक्षा गाठली. वाटेत सगुणाबाईंचा फोन लागेना. आता गाळा गेला, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. दुकानाचं जाऊ द्या, गोजरासमोर कुठल्या तोंडानं उभी राहणार होती ती? नव्या सिस्टिमला तिनं रिक्षाभर शिव्या घातल्या. मग गावाचा रस्ता लागला तशी गप्प झाली. कारण पाठवताना फाइल उघडून बघायचं काम काही सिस्टिमचं नव्हतं.

फाटकाशी माणसं जमली होती. बांबू उभे होते आणि बॅनर खाली रस्त्यावर पूर्ण उलगडलेला. मांडव घालणारे हातात दोऱ्या घेऊन खांबासारखे उभे. सगुणाबाई पदर तोंडाला लावून बाजूला. आणि धर्मराज शेठ, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, बॅनरच्या कडेला उकिडवे बसलेले.

"शेठ, चुकलं माझं," सुचित्रा म्हणाली. "दोन कामं होती, उलटीसुलटी पाठवली मी. आत्ताच्या आत्ता दुसरा छापून आणते. पैसे नकोत मला. पण तुम्ही..."

तेवढ्यात मागून गोजरा आली. तिच्या हातात छोटा बॅनर. "काय गो बाय, आमचे घरान आज केक कापाचा हाय काय?" असं म्हणत ती पुढे झाली आणि तिला रस्त्यावरची आपली सासू दिसली. पंधरा फुटांची. गोजरा बॅनरच्या कडेला खाली बसली.

शेठनी राजाबाईच्या टोपलीवरून हात फिरवला.

"माजे आयशीला दूध नव्हता," ते म्हणाले. "या बाईनं मना पाजलाय. मिठागरान काम करताना बांधावर टोपलीन ठेवाची मना. अशीच टोपली." त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "ती गेली तवा खांदा दिला, घरी आलो, जेवलो. बॅनर लावावा असा माजे डोक्यान पन नाय आला. आनि माजाच लावाचा व्हता, पंधरा फुटांचा."

"शेठ, मी काढून..."

"काढाचा नाय. लाव रे वर!" त्यांनी मांडववाल्यांना हाक घातली. "नीट ताना. तिचे तोंडावर सुरकुती नको."

"आनि तुमचा?" सगुणाबाईंनी भीत भीत विचारलं.

शेठनी गोजराच्या हातातला बॅनर घेतला, उलगडून स्वतःच्या थोबाडाकडे बघितलं आणि एकदम हसले. "माजा एवराच बरा. तिचे पायाशी लाव."

सुचित्रा शेठच्या ओट्यावर जाऊन बसली. कुणीतरी पाणी दिलं. गोजरानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. रडत होती, पण तो हात रागाचा नव्हता. देवा रे, वाचवलंस, असं सुचित्रा मनात किती वेळा म्हणाली ते तिलाच ठाऊक. डोक्यावरून एक विमान धडधडत गेलं आणि तिला ते बँडबाजासारखं गोड वाटलं.

दुकानात परत आली तेव्हा ईश्वरी कॉम्प्युटरसमोर रडवेली होऊन बसली होती. "आई, मी जुनी सिस्टिम परत टाकते. माझ्यामुळे झालं सगळं."

"तुझ्यामुळे कसलं? ऊठ, मला बसू दे."

"मग ते कोपऱ्याचं?"

"राहू दे रांगेत. पोहे उरलेत का?"

पोह्यांची बशी मांडीवर घेऊन तिनं श्रद्धांजलीचं फोल्डर उघडलं. 'फायनल' खोडलं आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'राजाबाई'. मग वरचं फोल्डर उघडून लिहिलं, 'धर्मराज शेठ'. नावं दिल्यावर कुठलं फोल्डर कुठे आहे, याचं तिला काही वाटेनासं झालं. इतके दिवस उगाच जीव खात होते की मी पोरीचा, असं तिला वाटलं, आणि तिनं ईश्वरीच्या तोंडात एक चमचा पोहे कोंबले.

फोन वाजला. सगुणाबाईंनी फोटो पाठवला होता. फाटक भरून राजाबाई हसत होती आणि तिच्या पावलांशी, खालच्या उजव्या कोपऱ्यात, केक घेतलेले शेठ बांधले होते.

"अगं बाई, शेठना कुठे लावलंय! तो कोपरा..." सुचित्रा बोलता बोलता थांबली. तिनं फोटो मोठा करून पाहिला. शेठ फार खूश दिसत होते.